खापर

लाइन गेली की अख्ख्या गावाचं खापर
माझ्याच डोक्यावर फुटतं.
वायरमन आहे, सवय आहे.
पण यंदाच्या नवतप्यात
एक खापर मी स्वतःहून मागून आणलं
शेवंताबाईच्या आव्याशेजारच्या ढिगातून,
तडकलेल्या माठाचं बूड.

"कायले रे भाऊ?"
"उंदरासाठी."
ती हसली नाही. हातातलं माझ्याकडून काढून घेतलं,
दुसरं शोधलं, बोटानं ठोकून पाहिलं.
"हे ने. त्या पातय्यात थंडावा रायत नाही."

उंदीर म्हणजे तसले उंदीर नव्हेत, हॅमस्टर.
दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची बदली झाली
तेव्हा दोन पिंजरे आमच्या ओसरीवर टेकवून म्हणाल्या,
आठच दिवस.
त्यानंतर संक्रांत गेली, होळी गेली.
आम्रपालीनं नावं ठेवली फुटाणा आणि लाही.
दोन्ही भट्टीतली नावं. मे लागल्यावर पस्तावली.
एकत्र ठेवले तर चावाचावी, म्हणून मधे भिंत,
दोन सख्ख्या भावांच्या घरांत असते तशी.

सेहेचाळीस डिग्रीत यांचं काय करतात
हे गावात विचारायचं कोणाला?
आमच्या दुकानात उंदरांसाठी एकच वस्तू मिळते,
तिच्या पुडीवर कवटी असते.

पोरगी आपली आपण शिकली.
अंगावर पाणी शिंपडायचं नाही.
कूलर खोलीत चालेल, तोंडावर नको.
बाटलीत बर्फ, बाटलीला माझा मोजा,
आणि ती पिंजऱ्याला बाहेरून टेकवायची.
काकडी नखाएवढीच.
फरशीचा एक तुकडा फ्रिजात, अंबाडीच्या भाजीखाली,
त्यावरून तिच्या आईशी दोन दिवस अबोला.

काल दुपारी दीडला
नाल्यापलीकडचा जंपर जळाला.
खांबाचं लोखंड हातमोज्यातूनही चावत होतं.
खिशात फोन थरथरत होता:
सरपंच, पिठाची गिरणी, लग्नघर, परत लग्नघर.
मग आम्रपाली.

"बाबा, फुटाणा चपटा पडला. पोयीसारखा.
लाइन कवा येते?"

लग्नघराला मी सांगितलं होतं, अर्धा तास.
तिला तसं सांगवेना.
"लवकर नाही येत," म्हणालो.
"रांजणाखालची वाळू पाय, ओली आहे का.
नसली तर कर.
पिंजरा वाळूत नोको, वाळूजवळ ठेवजो.
खापर भिजवून पिंजऱ्यावर ठेव, त्याच्यावर नाही.
अन् हात लावजो नोको त्याले.
आपला हात गरम राहते."

पलीकडून काही नाही. नुसती पावलं.
फोन बंद करायचा राहून गेला तिच्याकडून,
आणि तिथं वर, पट्ट्याला लटकलेला मी,
रांजणात तांब्या बुडाल्याचा आवाज ऐकला.
गुडुप.
त्या दिवसभरात थंड असं
तेवढंच काय ते वाट्याला आलं.

आधी दवाखाना जोडला, मग नळाची टाकी,
मग लग्नघर. शिव्या खाल्ल्या, बुंदीही खाल्ली.
आमची गल्ली शेवटी, रात्री साडेदहाला.
लोकांना वाटतं वायरमनचं घर पहिलं पेटतं.

घरी आलो तर ओसरीत बल्ब भकभकत होता.
पोरगी रांजणाशेजारी जमिनीवर झोपलेली,
मुठीत माझा ओला मोजा.
पिंजऱ्यावरचं खापर सुकून गेलेलं.
आत भुसा. भुशात काही हलत नव्हतं.
मी वाकलो नाही लगेच.
चपला काढल्या, पक्कड खुंटीला लावली,
तोंडावर पाणी मारलं, उगाच दोनदा.

मग आठवलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
यांचा दिवस अंधारात उगवतो.

बटण खाली केलं.
काही नाही.
काही नाही.
मग भुसा खसखसला,
आणि चाक फिरायला लागलं, खर्र खर्र, आधी लाहीचं,
बऱ्याच वेळानं, अडखळत, दुसरंही.

शेजारच्या अंगणातल्या खाटेवरून आवाज आला:
"वायरमनभाऊ, गेली का रे लाइन पुन्हा?"
"नाही गेली," म्हणालो.
"आमचीच बंद केली."